दलाल, परवाना आणि परीक्षा : खानदेशातील जमीन-मध्यस्थीच्या नियमनाचा ऐतिहासिक मागोवा

सारांश

महाराष्ट्रात स्थावर संपदेच्या मध्यस्थांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा २०२३ मध्ये अनिवार्य झाली. जळगाव व धुळे या दोन जिल्ह्यांच्या इतिहासात ही घटना वेगळ्या अर्थाने महत्त्वाची ठरते. कारण याच प्रदेशात कापसाच्या दलालाला १९२७ च्या कायद्याने परवान्याच्या चौकटीत आणले होते. जमिनीच्या दलालाला नोंदणीच्या चौकटीत येण्यासाठी त्यानंतर ९० वर्षे लागली. हे अंतर का पडले, मधल्या काळात जमिनीच्या मध्यस्थाचे ज्ञान कोणत्या कायद्यांभोवती घडत गेले आणि नव्या परीक्षेचा अभ्यासक्रम त्या ज्ञानाशी कितपत जुळतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बीजसंज्ञा : खानदेश, दलाल, अडत, सातबारा, बिनशेती, नियंत्रित बाजार, महारेरा, सक्षमता प्रमाणपत्र.

१. प्रस्तावना

मध्यस्थाशिवाय बाजार चालत नाही, आणि मध्यस्थावर विश्वास ठेवून बाजारात उतरणारा मनुष्य अनेकदा नागवला जातो. आर्थिक इतिहासात या दोन्ही गोष्टी बरोबरीने आढळतात. म्हणूनच प्रत्येक राजवटीने कोणत्या ना कोणत्या मध्यस्थाला नियमात बांधण्याचा प्रयत्न केलेला दिसतो. मात्र कोणत्या मध्यस्थाला आधी बांधले आणि कोणाला मोकळे सोडले, यावरून त्या राजवटीचे हितसंबंध उघड होतात.

खानदेश हा या प्रश्नाच्या अभ्यासासाठी उपयुक्त प्रदेश आहे. १८१८ मध्ये इंग्रजी अंमलाखाली आलेला हा मुलूख १९०६ मध्ये पूर्व खानदेश व पश्चिम खानदेश असा विभागला गेला. जळगाव आणि धुळे ही त्यांची मुख्यालये ठरली. १९६० नंतर हेच दोन जिल्हे जळगाव व धुळे या नावांनी ओळखले जाऊ लागले आणि १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. कापूस आणि जमीन या दोन वस्तूंच्या व्यवहारांवर या प्रदेशाचे अर्थकारण उभे राहिले. दोन्ही व्यवहारांत दलाल होता. परंतु कायद्याने दोघांना दिलेली वागणूक अगदी भिन्न होती.

२. विक्रेय जमिनीपूर्वीचा काळ

‘दलाल’ हा शब्द मूळचा अरबी असून वाट दाखविणारा, असा त्याचा अर्थ आहे. मराठी व्यवहारात तो फारसीमार्फत रुळला. अडत्या आणि दलाल यांच्यातील भेदही जुना आहे. अडत्या माल आपल्या ताब्यात घेऊन विकतो, रकमेची हमी घेतो आणि अडत आकारतो. दलाल केवळ दोन पक्षांची गाठ घालून देतो आणि सौदा जमला की दलाली घेतो. जमिनीच्या व्यवहारात या दुसऱ्या प्रकारच्या मध्यस्थाचाच संबंध येतो.

मराठेशाहीत वतन आणि मिरास यांचे हस्तांतर होत असे. परंतु ते गावाच्या साक्षीने होई. मिरासपत्रात जमिनीची चतुःसीमा नमूद केली जाई, पाटील-कुलकर्णी व गोत यांची साक्ष पडे. खरेदी करणाऱ्याला जमिनीचा इतिहास सांगणारा वेगळा मनुष्य लागत नसे, कारण साक्षीदारांनाच तो ठाऊक असे. खानदेशात तर प्रश्न उलटाच होता. अठराव्या शतकाच्या अखेरच्या धुमाळ्या आणि १८०३–०४ चा दुष्काळ यांनी हा प्रदेश उजाड केला होता. जमीन उदंड आणि कसणारे हात थोडे, अशी स्थिती होती. खानदेशचा पहिला इंग्रज अधिकारी कॅप्टन जॉन ब्रिग्ज याच्यासमोरचे पहिले काम ओसाड गावे पुन्हा वसविण्याचे होते. कौल देऊन आणि इस्ताव्याने सारा हळूहळू वाढवत नेऊन रयतेला जमिनीवर आणावे लागत होते. जेथे जमिनीला गिऱ्हाईक नाही, तेथे जमिनीचा दलालही संभवत नाही.

ब्रिग्जनेच धुळे हे ठाण्याचे ठिकाण निवडले आणि जुन्या वस्तीशेजारी सरळ रस्त्यांची नवी पेठ आखली. धुळ्यात आजही गल्ल्या क्रमांकाने ओळखल्या जातात. आखून, मोजून आणि क्रमांक देऊन वाटलेला भूखंड ही कल्पना खानदेशात अशा रीतीने प्रथम नगररचनेतून आली. शेतजमिनीपर्यंत ती पोहोचायला आणखी तीन दशके गेली.

३. मोजणी, दस्त आणि सावकार

रयतवारी पद्धतीची मोजणी खानदेशात सुरू झाली तेव्हा तिला विरोध झाला. १८५२ मध्ये सावदा, यावल, फैजपूर, एरंडोल या भागांत मोजणीविरुद्ध मोठा उठाव झाला आणि तो मोडण्यासाठी सरकारला लष्कर आणावे लागले. सारा वाढेल ही भीती त्यामागे होती. परंतु मोजणीचा दूरगामी परिणाम निराळाच झाला. प्रत्येक शेताला क्रमांक मिळाला, क्षेत्र ठरले, खातेदाराचे नाव लागले. नाव लागलेली आणि क्रमांक असलेली जमीन गहाण ठेवता येते आणि विकताही येते. १८६५ च्या मुंबई सर्व्हे कायद्याने आणि पुढे १८७९ च्या जमीन महसूल संहितेने खातेदाराचा हा हक्क पक्का केला.

याच सुमारास लोहमार्ग खानदेशात आला आणि अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) कापसाचे भाव चढले. जळगाव ही कापसाची मोठी पेठ म्हणून याच काळात पुढे आली. तेजीत घेतलेली कर्जे मंदीत फिटली नाहीत आणि जमिनी सावकाराकडे गेल्या. येथे एक बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. एकोणिसाव्या शतकातील जमिनीचे हस्तांतर बहुतांशी कर्जाच्या वाटेने होत होते. सावकार हाच धनको, हाच भाव ठरविणारा आणि हाच अखेरचा खरेदीदार होता. स्वतंत्र मध्यस्थाला या व्यवहारात फारशी जागा नव्हती. त्यामुळे सरकारची दृष्टीही सावकारावर खिळली. १८७५ च्या दख्खनमधील दंग्यांनंतर १८७९ चा शेतकरी साहाय्य कायदा आला. १८९९–१९०० च्या दुष्काळानंतर १९०१ च्या दुरुस्तीने हस्तांतरावर निर्बंध असलेली नवी शर्त निर्माण झाली. या सर्व उपायांत दलाल कोठेच नाही.

दस्ताच्या बाबतीत मात्र राज्यसत्तेने बारकाईने लक्ष घातले. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने शंभर रुपये आणि त्याहून अधिक मूल्याच्या स्थावराच्या विक्रीला नोंदणीकृत खत आवश्यक केले. १९०८ च्या नोंदणी कायद्याने त्याची कार्यपद्धती स्थिर केली. मुद्रांक विकणाऱ्याला परवाना लागू लागला. परंतु सौदा जुळविणारा या व्यवस्थेबाहेरच राहिला. १८७२ च्या करार कायद्यातील अभिकरणाचे प्रकरण त्याला तत्त्वतः लागू होते. पण त्याचा उपयोग वाद न्यायालयात गेल्यावर. शिवाय दुय्यम निबंधक दस्ताची नोंदणी करतो, मालकीची हमी देत नाही. खरेदीदाराचा समज मात्र बहुधा उलट असतो. या गैरसमजाच्या फटीतच जमिनीच्या मध्यस्थाचा व्यवसाय वाढला.

४. कापसाच्या दलालाला परवाना

खानदेशच्या पूर्व सीमेला लागून असलेल्या वऱ्हाडात कापूस बाजाराच्या नियमनाला १८८६ मध्ये कारंजापासून आरंभ झाला. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला आणि दलाल, मापाडी यांना परवाना घ्यावा लागू लागला. मुंबई इलाख्याने हे पाऊल तीस वर्षे उशिरा टाकले. १९२७ चा मुंबई कापूस बाजार कायदा झाल्यावर त्याखाली प्रारंभी नियंत्रित झालेल्या बाजारांत धुळ्याचा समावेश होता. खानदेशातील इतर पेठाही क्रमाने त्यात आल्या.

या कायद्याने जे दोष दूर करावयाचे होते, ते १९२८ च्या शेतीविषयक रॉयल कमिशनच्या अहवालातही नोंदले गेले. रुमालाखाली बोटे धरून भाव ठरविला जाई आणि गाडीवर बसलेल्या शेतकऱ्याला तो कळत नसे. दलाल विकणाऱ्याचा म्हणविला जाई, पण त्याचे रोजचे संबंध खरेदीदाराशी असत. वजनात कडता धरला जाई. हमाली, तोलाई, धर्मादाय अशा कपाती शेतकऱ्याच्याच रकमेतून होत. कायद्याने बाजार समिती स्थापन केली, तीत उत्पादकांना स्थान दिले, दलाली व तोलाईचे दर जाहीर करण्याची पद्धत घातली आणि परवान्याविना कोणी दलाली करू नये असे ठरविले. १९३९ च्या मुंबई कृषि उत्पन्न बाजार कायद्याने आणि १९६३ च्या महाराष्ट्र कृषि उत्पन्न पणन कायद्याने हीच चौकट अन्य शेतमालाला लागू केली.

या परवान्यासाठी परीक्षा नव्हती. पत, जामीन आणि वर्तणूक यांवर तो मिळत असे. कापसाच्या दलालाला काय कळते, हा प्रश्न कायद्याने विचारला नाही. तो काय करतो, एवढेच पाहिले. याचे कारण उघड आहे. कापसाची प्रत हाताने व डोळ्याने पारखता येते, भाव जाहीर करता येतो, वजन पुन्हा करता येते. फसवणूक कृतीत होती, म्हणून नियंत्रणही कृतीवर पुरेसे होते.

मग जमिनीच्या दलालाला हीच चौकट का लावली गेली नाही? त्याची तीन कारणे संभवतात. कापसाचा सौदा एका आवारात, हंगामात रोज होतो. जमिनीचा सौदा घराच्या ओसरीवर, चहाच्या टपरीवर किंवा वकिलाच्या बैठकीत होतो, त्याला बाजाराचे आवार नसते. कापसाचा शेतकरी पुढच्या वर्षी त्याच बाजारात पुन्हा येतो आणि तक्रार करतो. घरासाठी भूखंड घेणारा मनुष्य बहुधा आयुष्यात एकदाच हा व्यवहार करतो. त्याची तक्रार सामूहिक होत नाही. तिसरे कारण हितसंबंधांचे आहे. कापसाच्या शुद्धतेत आणि वजनात गिरण्या व निर्यात-व्यापाराचे हित गुंतलेले होते. भूखंड घेणाऱ्या शिक्षकाच्या किंवा रेल्वे कर्मचाऱ्याच्या पाठीशी असा संघटित खरेदीदार नव्हता.

५. कायद्यांचे जाळे आणि मध्यस्थाचे ज्ञान

स्वातंत्र्यानंतर जमिनीच्या व्यवहारावर निर्बंध वाढत गेले. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडे पाडण्यास मनाई केली. १९४८ च्या कूळ कायद्याच्या कलम ६३ ने बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेण्यास प्रतिबंध केला, तर कलम ४३ ने कुळाने खरेदी केलेल्या जमिनीच्या विक्रीला जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीची अट घातली. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने बिनशेती वापरासाठी परवानगी आवश्यक केली. २०१४ व २०१७ च्या दुरुस्त्यांनी ही प्रक्रिया काही क्षेत्रांत सुलभ झाली. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने आधीच पडलेल्या बेकायदा तुकड्यांना नियमित करण्याची वाट काढली. निर्बंध मोडले गेल्याची राज्याने दिलेली ती कबुलीच होती.

तत्कालीन धुळे जिल्ह्याच्या पश्चिम भागात या निर्बंधांना निराळे महत्त्व होते. शहादा-तळोदा परिसरात आदिवासींच्या जमिनी बिगरआदिवासींकडे गेल्याच्या प्रश्नावर १९७० च्या दशकाच्या आरंभी अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटना यांच्या नेतृत्वाखाली मोठी चळवळ झाली. १९७४ मध्ये संहितेतील निर्बंध कडक झाले आणि आदिवासींना जमिनी परत देण्याचा स्वतंत्र कायदाही झाला. हातउसने, तोंडी करार, कोऱ्या कागदावरील अंगठे या मार्गांनी गेलेल्या जमिनींची ही कहाणी मध्यस्थीच्या इतिहासाचाही भाग आहे. खरेदीदार आणि विकणारा यांच्यामध्ये उभा असलेला, कागद वाचू शकणारा मनुष्य कोणाच्या बाजूचा होता, हा प्रश्न तेथे जीवनमरणाचा होता.

या सर्व कायद्यांचा एकत्रित परिणाम असा झाला, की जमिनीचा मध्यस्थ म्हणजे केवळ गाठ घालून देणारा राहिला नाही. त्याच्या जवळचे खरे भांडवल माहितीचे होते. गाव नमुना सात-बारावरील भोगवटादार वर्ग १ आणि वर्ग २ यांतला फरक, ‘इतर हक्क’ या रकान्यातील बोजा, कुळाचे किंवा बहिणींचे नाव, नमुना ६ मधील फेरफाराची नोंद मंजूर आहे की प्रलंबित, आठ-अ वरील खात्याचे एकूण क्षेत्र, गटाचा नकाशा आणि प्रत्यक्ष बांध यांचा मेळ, रस्त्याचा हक्क, हे सर्व जाणणारा मध्यस्थ खरेदीदाराला वाचवू शकत असे. तेच न सांगणारा मध्यस्थ त्याला बुडवू शकत असे. वर्ग २ च्या जमिनीवर पाडलेला भूखंड केवळ विसारपावती आणि मुखत्यारपत्रावर विकला गेला, तर पैसे देणाऱ्याच्या हाती कागद राहतो, नाव सातबारावर लागत नाही. कापसाच्या सौद्यात लबाडी कृतीची होती. जमिनीच्या सौद्यात ती मौनाची होती. परवाना देऊन दर ठरविल्याने मौनावर उपाय होत नाही. त्यासाठी मध्यस्थाला काय माहीत असले पाहिजे आणि काय सांगितलेच पाहिजे, हे आधी ठरवावे लागते.

१९६३ च्या महाराष्ट्र सदनिका मालकी कायद्याने बांधकाम करणाऱ्यावर अशी प्रकटीकरणाची जबाबदारी टाकली. मध्यस्थावर ती आली नाही. २००३ मध्ये जळगाव व धुळे या दोन्ही नगरपालिकांचे महापालिकांत रूपांतर झाले. शहरांच्या कडेची शिवारे भूखंडांत बदलत गेली आणि फलकांवर दलालांचे भ्रमणध्वनी क्रमांक झळकू लागले. तरीही या व्यवसायाला प्रवेशाची कोणतीही अट नव्हती.

६. २०१६ चा कायदा आणि नोंदणी

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम मार्च २०१६ मध्ये संसदेने संमत केला आणि १ मे २०१७ पासून तो पूर्णतः अमलात आला. महाराष्ट्रात मार्च २०१७ मध्ये महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरण, म्हणजेच महारेरा, स्थापन झाले. या अधिनियमाच्या कलम ९ ने नोंदणीकृत प्रकल्पातील भूखंड वा सदनिका विकण्यात मध्यस्थी करणाऱ्याला नोंदणी बंधनकारक केली. राज्याच्या २०१७ च्या नियमांनी व्यक्तीसाठी १० हजार रुपये आणि संस्थेसाठी १ लाख रुपये शुल्क ठरविले. नोंदणीची मुदत पाच वर्षांची राहिली.

कलम १० मध्ये मध्यस्थाची कर्तव्ये आली. नोंदणी नसलेल्या प्रकल्पातील विक्रीला साहाय्य करू नये, हिशेबाची पुस्तके ठेवावीत, प्रकल्पाचा दर्जा किंवा परवानग्या यांविषयी खोटे सांगू नये आणि नोंदणीच्या वेळी ग्राहकाला मिळावयाची सर्व माहिती व कागदपत्रे त्याच्या हाती पडतील हे पाहावे, असा त्यांचा आशय आहे. कलम ६२ ने नियमभंगासाठी दररोज १० हजार रुपये आणि कमाल मर्यादा म्हणून त्या मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड ठेवला. मौनाला प्रथमच दंडनीय स्वरूप आले, हे या तरतुदींचे ऐतिहासिक महत्त्व होय.

परंतु नोंदणी म्हणजे ज्ञान नव्हे. शुल्क भरून आणि कागदपत्रे जोडून कोणालाही नोंदणी मिळत होती. विमा-अभिकर्त्यांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षेची अट २००० पासूनच होती. परदेशांत जमिनीच्या मध्यस्थालाही ती फार पूर्वी लागू झाली होती. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात परवान्याची पद्धत १९१९ मध्ये स्थिर झाली आणि पुढे लेखी परीक्षा तिचा अविभाज्य भाग बनली. सिंगापूरने २०१० मध्ये स्वतंत्र कायदा करून मध्यस्थांसाठी नियामक परिषद नेमली.

७. २०२३ ची परीक्षा आणि तिची तयारी

महारेराने १० जानेवारी २०२३ च्या आदेशाने मध्यस्थांसाठी प्रशिक्षण आणि सक्षमता प्रमाणपत्र आवश्यक केले. नव्या नोंदणीसाठी १ मे २०२३ पासून ही अट लागू झाली. आधीच नोंदणी असलेल्यांना दिलेली १ सप्टेंबर २०२३ ची मुदत पुढे १ जानेवारी २०२४ पर्यंत वाढविण्यात आली. मान्यताप्राप्त संस्थेकडून २० तासांचे प्रशिक्षण घ्यावयाचे आणि नंतर बँकिंग कार्मिक निवड संस्थेने (आयबीपीएस) घेतलेली संगणकाधारित परीक्षा द्यावयाची, असे तिचे स्वरूप ठरले. पहिली परीक्षा २० मे २०२३ रोजी झाली. तीत ४२३ उमेदवार बसले आणि ४०५ उत्तीर्ण झाले, म्हणजे निकाल सुमारे ९६ टक्के लागला.

हा निकाल पाहता परीक्षा कठीण नव्हती, असे म्हणता येईल. परंतु खरी चाळणी परीक्षेला बसण्यापूर्वीच लागली. २०२४ मध्ये प्रमाणपत्र सादर न केलेल्या सुमारे २० हजार मध्यस्थांची नोंदणी महारेराने स्थगित केली. तोपर्यंत राज्यात नोंदणी झालेल्यांची एकूण संख्या ४७ हजारांच्या घरात होती. उत्तरपत्रिकेपेक्षा अभ्यासाला बसण्याची तयारी ही मोठी पायरी ठरली.

परीक्षेच्या तयारीत उमेदवाराला जे शिकावे लागते, ते बाजारातील रूढ भाषेला छेद देणारे आहे. ‘सुपर बिल्टअप’वर भाव सांगण्याची सवय असलेल्याला चटई क्षेत्राची व्याख्या पाठ करावी लागते. बाहेरील भिंती, बाल्कनी व उघडी गच्ची त्यात धरली जात नाही, घरातील आतल्या भिंती मात्र धरल्या जातात. नोंदणीकृत करारनाम्याआधी विकासकाने दहा टक्क्यांपेक्षा अधिक रक्कम घेऊ नये, ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवावी, ताबा दिल्यापासून पाच वर्षांत दिसून आलेले बांधकामातील दोष विनामूल्य दुरुस्त करावेत, मालकी सदोष निघाली तर भरपाईच्या दाव्याला मुदतीची आडकाठी नाही, या तरतुदी त्याला अभ्यासाव्या लागतात. जाहिरातीत महारेरा क्रमांक आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड असलाच पाहिजे, हे कळल्यावर ‘एनए होणारच आहे, आज बुक करा’ या वाक्याचा अर्थ त्याला नव्याने समजतो. नोंदणीपूर्वी केलेली अशी विक्री हा बेकायदा व्यवहार आहे, आणि त्यात साहाय्य करणारा मध्यस्थ स्वतः दंडास पात्र आहे.

८. परीक्षेची व्याप्ती आणि खानदेशातील व्यवहार

येथे खानदेशच्या संदर्भात मूळ प्रश्न उभा राहतो. मुंबई-पुण्यातील मध्यस्थ प्रामुख्याने उंच इमारतींतील सदनिका विकतो. जळगाव-धुळ्यातील मध्यस्थीत शेतजमीन, मोकळा भूखंड आणि जुन्या घराची फेरविक्री यांना मोठे स्थान आहे. अधिनियमाने प्रकल्पनोंदणीसाठी ५०० चौरस मीटरची मर्यादा घातली आहे. एक गुंठा सुमारे १०१ चौरस मीटरचा धरला, तर ही मर्यादा जवळजवळ पाच गुंठे भरते. एकरभर शेतातून पाडलेला अभिन्यास या मर्यादेच्या कितीतरी वर असल्याने तो कायद्याच्या कक्षेत येतो. म्हणजे भूखंडांच्या बाबतीत हा कायदा खानदेशाला पूर्णपणे लागू पडतो. पण शेतजमिनीचा शेतकऱ्याकडून शेतकऱ्याकडे होणारा व्यवहार आणि फेरविक्री ही कलम ९ च्या बाहेर आहेत. तेथे मध्यस्थी करणाऱ्याला नोंदणी लागत नाही आणि परीक्षाही लागत नाही.

याचा परिणाम दुहेरी आहे. शिवारातील प्रत्येक गटाचा इतिहास तोंडपाठ असलेला, तलाठी कार्यालयातील नोंदींचा माग काढू शकणारा अनुभवी मध्यस्थ संगणकासमोरील बहुपर्यायी प्रश्नांना बिचकू शकतो. उलट वीस तासांच्या प्रशिक्षणानंतर प्रमाणपत्र मिळविलेला तरुण कलमे सांगू शकतो. पण वर्ग २ चा शेरा, कलम ४३ चा निर्बंध किंवा आदिवासी जमिनीवरील बंधन सातबारावर त्याच्या नजरेस येईलच, याची खात्री नसते. परीक्षेचा अभ्यासक्रम मुख्यतः प्रकल्पाभोवती रचलेला आहे. खानदेशातील जोखीम मात्र बऱ्याच अंशी प्रकल्पाच्या आधीच्या जमिनीत दडलेली असते. मालकीचा प्रवाह जेथे गढूळ होतो, तो उगम सातबारात असतो.

ही जोखीम येत्या काळात वाढण्याची चिन्हे आहेत. दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेत धुळे-नरडाणा परिसराचा समावेश झाला, तेव्हापासून तेथील जमिनींकडे बाहेरच्या खरेदीदारांचे लक्ष आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या लोहमार्गाला मंजुरी दिली. तो धुळ्यावरून जाणार आहे. लोहमार्गाने एकोणिसाव्या शतकात जळगावची कापूसपेठ मोठी केली आणि त्यामागोमाग सावकाराचे दप्तरही फुगले. लोहमार्गाची वार्ता आली की जमिनीचा भाव आधी वाढतो आणि माहिती नंतर पोहोचते. भाव आणि माहिती यांच्यामधील या अंतरातच मध्यस्थ उभा असतो.

त्यामुळे परीक्षेचे मूल्य नाकारण्यापेक्षा तिच्या तयारीला स्थानिक आशय देणे अगत्याचे आहे. फेरफार नोंदीचे वाचन, भूधारणा पद्धतीची ओळख, तुकडेबंदी व गुंठेवारीचे नियम, आदिवासी जमिनींवरील निर्बंध असा पूरक पाठ्यक्रम जिल्हापातळीवर आखता येईल. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेतील महाविद्यालयांत इतिहास, अर्थशास्त्र, वाणिज्य आणि विधी हे विषय शिकविले जातात. या चार विषयांची सांगड घालणारा अल्पमुदतीचा अभ्यासक्रम महाविद्यालयांच्या आवाक्यातील आहे. पदवीधर विद्यार्थ्याला त्यातून व्यवसायाची वाट मिळेल, आणि ज्याला व्यवसाय करावयाचा नाही त्याला निदान स्वतःच्या वडिलांच्या जमिनीचा सातबारा वाचता येईल.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१) खानदेशात मध्यस्थाचे नियमन नवे नाही. १९२७ च्या कायद्याने कापसाच्या दलालाला परवाना लागू केला. जमिनीच्या दलालाला नोंदणी २०१७ मध्ये आणि परीक्षा २०२३ मध्ये आली.

२) या विलंबाचे कारण जमिनीच्या व्यवहाराच्या स्वरूपात आणि पीडितांच्या असंघटितपणात आहे. कापसामागे गिरण्या व निर्यातीचे हित होते, भूखंड घेणाऱ्यामागे तसे बळ नव्हते.

३) कापसाच्या परवान्याने कृती तपासली. जमिनीच्या परीक्षेने प्रथमच ज्ञान तपासण्यास प्रारंभ केला. जमिनीच्या व्यवहारातील फसवणूक मुख्यतः मौनातून होत असल्याने हा बदल मूलगामी आहे.

४) शेतजमीन व फेरविक्री नियमनाबाहेर राहिल्याने जळगाव-धुळे जिल्ह्यांत परीक्षेचा प्रभाव मर्यादित राहतो. कायद्याची कक्षा वाढेपर्यंत सातबाराच्या साक्षरतेचा प्रसार हाच व्यवहार्य उपाय दिसतो.

रुमालाखालचा भाव उघड्यावर आणण्यासाठी बाजार समितीचे आवार बांधावे लागले. जमिनीच्या सौद्याला असे आवार बांधता येत नाही. तेथे उघडेपणा येईल तो मध्यस्थाच्या आणि ग्राहकाच्या जाणतेपणातूनच. ज्या प्रदेशात १८५२ मध्ये शेतकऱ्यांनी मोजणीची साखळी अडविली, त्याच प्रदेशात आज त्या मोजणीतून निघालेला कागद वाचता येणे ही शेतकऱ्याच्या संरक्षणाची पहिली अट झाली आहे.